धरणाआधीचे उत्खनन : बडोद्याचा अनुभव आणि सार्वजनिक निधीचा प्रश्न

प्रास्ताविक

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील पुरातत्त्व विभागाच्या संग्रहात एक दगडी करंडक जतन केलेला आहे. त्यावर ब्राह्मी लिपीत संस्कृत लेख कोरलेला असून बुद्धाचे अवशेष ठेवण्यासाठी तो घडविण्यात आला, असे त्या लेखावरून कळते. उत्तर गुजरातमधील शामळाजीजवळ देवनी मोरी या गावी १९६० ते १९६३ या काळात झालेल्या उत्खननात तो मिळाला. ज्या स्तूपातून हा करंडक बाहेर आला तो स्तूप मात्र आज पाहता येत नाही. मेश्वो नदीवर धरण झाले आणि ती जागा जलाशयात गेली.

एप्रिल २०२५ मध्ये श्रीलंकेच्या भेटीत पंतप्रधानांनी गुजरातच्या या भागात सापडलेले बुद्धाचे अवशेष तेथील भाविकांच्या दर्शनासाठी पाठविण्याची घोषणा केली. साठ वर्षांपूर्वी केलेल्या एका कामाचे मोल असे आज सर्वांना कळले. धरणाचे पाणी चढण्यापूर्वी बडोद्याचे प्राध्यापक व विद्यार्थी तेथे पोहोचले नसते, तर घोषणा करण्यासारखे काहीच उरले नसते. ते वेळेवर कसे पोहोचले, आणि इतर ठिकाणी तसे का घडत नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

धरण, कालवा, रस्ता, रेल्वे, खाण किंवा इमारत यांमुळे नष्ट होणाऱ्या प्राचीन स्थळाची पाहणी, उत्खनन व नोंद ते नष्ट होण्यापूर्वी करणे, याला बचाव पुरातत्त्व म्हणतात. या कामाला पैसा लागतो आणि तो बहुतेक वेळा सार्वजनिकच असतो. त्याविषयी आपल्याकडे चर्चा होते ती संकट दारात आल्यावर. बडोद्याचा अनुभव वेगळा धडा देतो. संकटाच्या वेळी दिलेल्या अनुदानाने स्थळ वाचत नाही. संकटाच्या कितीतरी आधीपासून जनतेच्या पैशावर उभी असलेली कायमस्वरूपी संस्था जवळपास असेल, तरच ते वाचते.

संस्थानी काळातील पाया

बडोदे संस्थानात महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत १९३४ मध्ये स्वतंत्र पुरातत्त्व खाते स्थापन झाले. भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्यात पुराभिलेखतज्ज्ञ म्हणून काम केलेले डॉ. हिरानंद शास्त्री यांना त्याचे प्रमुख म्हणून आणण्यात आले. त्यांच्यानंतर ही जबाबदारी अ. स. गद्रे यांनी सांभाळली. संस्थानचा प्रदेश सलग नव्हता. बडोदे, कडी, नवसारी व अमरेली असे तुकडे गुजरात आणि काठेवाडात विखुरलेले होते. तरीही खात्याने पाहण्या केल्या, स्मारकांची यादी केली आणि आपले काम छापून प्रसिद्ध केले. डभोईच्या अवशेषांवरील शास्त्रींचा ग्रंथ १९४० मध्ये निघाला.

शिलालेखांच्या प्रकाशनाची गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. संस्थानातील महत्त्वाच्या शिलालेखांचा पहिला खंड गद्रे यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. दुसरा खंड १९४४ मध्ये आला, आणि तो अरबी-फारसी लेखांना वाहिलेला होता. त्यासाठी संस्थानने हैदराबादचे नामवंत पुरातत्त्वज्ञ गुलाम याझदानी यांचे साहाय्य घेतले, त्यांच्यासोबत र. गो. ज्ञानी यांनी काम केले. मराठा राजाचे संस्थान, गुजराती प्रजा, निजामाच्या राज्यातील विद्वान आणि मशिदी, दर्गे व विहिरींवरील फारसी लेख असा हा योग होता. त्यामागे राज्याच्या तिजोरीतून नियमित मिळणारा पैसा होता. दगड हलला, भिंत पडली किंवा रस्ता रुंद झाला, तरी छापलेले वाचन टिकते. या दृष्टीने ते खंड हेही बचावाचेच काम होते, जरी त्या काळी त्याला कोणी तसे नाव दिले नाही.

विद्यापीठाचा विभाग

१९४९ मध्ये दोन घटना एकामागोमाग घडल्या. बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. अनेक संस्थानांत विलीनीकरणानंतर खाती मोडली, कागद गोदामांत गेले आणि माणसे पांगली. बडोद्यात पुरातत्त्वाची परंपरा विद्यापीठाच्या रूपाने पुढे चालू राहिली. १९५० मध्ये पुरातत्त्व व प्राचीन इतिहास विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख डॉ. बेंडापुडी सुब्बाराव हे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधन करून आलेले होते. पुणे आणि बडोदे या दोन केंद्रांतील नाते तेव्हापासूनचे आहे.

विभागाने पहिले खोदकाम दूर कोठे न करता शहरातच केले. बडोदे परिसरात १९५१ ते १९५३ या काळात उत्खनन झाले आणि त्याचा अहवाल १९५३ मध्येच प्रसिद्ध झाला. शहर वाढत होते आणि जुनी वस्ती असलेले अकोटा म्हणजे प्राचीन अंकोट्टक त्याच्या पोटात येत होते. १९५१ मध्ये अकोटा येथे अपघाताने जैन धातुमूर्तींचा मोठा साठा सापडला. डॉ. उमाकांत प्रेमानंद शाह यांनी त्यांतील ६८ मूर्तींचा अभ्यास करून १९५९ मध्ये ग्रंथ लिहिला, आणि पश्चिम भारताच्या कलेच्या इतिहासात नवे प्रकरण जोडले गेले. अशा मूर्ती सापडल्यावर त्या भांड्यांच्या भावाने मोडीत जाणार की संग्रहालयात, हे बऱ्याचदा एका गोष्टीवर ठरते. हाकेच्या अंतरावर जाणकार माणूस असावा लागतो. बडोद्यात तो पगारी सेवेत होता.

देवनी मोरी

१ मे १९६० रोजी गुजरात राज्य अस्तित्वात आले. नव्या राज्याला पाणी हवे होते, शेती वाढवायची होती. मेश्वो नदीवरील धरण हे त्याच आकांक्षेचे अपत्य. धरणाच्या पाण्यात जाणाऱ्या भागात विटांचे मोठे टेकाड होते. डॉ. रमणलाल नागरजी मेहता व एस. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली विद्यापीठाच्या विभागाने तेथे खोदकाम हाती घेतले. विटांचा भव्य स्तूप, भिक्षूंच्या खोल्या असलेला विहार, भाजलेल्या मातीच्या सुबक बुद्धमूर्ती आणि शेवटी लेखांकित करंडक असे एक संपूर्ण बौद्ध केंद्र उजेडात आले.

करंडकावरील लेखात कथिक राजांचे १२७ वे वर्ष आणि रुद्रसेन राजाचे नाव येते. हे वर्ष कोणत्या संवताचे मानावे यावर विद्वानांत एकमत नाही. शक संवत धरला तर इसवी सन २०५ येते, तर कलचुरी संवत धरला तर चौथ्या शतकाचा उत्तरार्ध. या दीडशेहून अधिक वर्षांच्या फरकावर मातीच्या बुद्धमूर्तींचे आणि त्या ओघाने पश्चिम भारतातील बुद्धप्रतिमेच्या विकासाचे कालमान अवलंबून आहे.

वाद सुरू आहे, पण जागा पाण्याखाली आहे. शंका आली म्हणून पुन्हा जाऊन एखादा थर तपासावा, अशी सोय राहिलेली नाही. अभ्यासकाच्या हाती आहेत त्या वस्तू, छायाचित्रे, नकाशे आणि छापील अहवाल. बचाव उत्खननात अहवाल हेच स्थळ होऊन बसते. म्हणूनच एक साधी तारीख फार महत्त्वाची ठरते. देवनी मोरीचे खोदकाम १९६३ मध्ये संपले आणि अहवाल १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. अवघ्या तीन वर्षांत!

हे शक्य झाले ते काम करणारी माणसे दुसऱ्या दिवशीही त्याच विभागात नोकरीला होती म्हणून. खोदकामाचे अनुदान संपले म्हणून त्यांना घरी जावे लागले नाही. खापरे धुण्यासाठी जागा होती, चित्रे काढणारे हात होते, वस्तू ठेवायला कपाटे होती, छपाईसाठी विद्यापीठाची ग्रंथमाला होती. या साऱ्याचा खर्च मेश्वो धरणाच्या नावावर कोठेही दिसत नाही. तो १९३४ पासून संस्थान, प्रांत, राज्य आणि विद्यापीठ यांनी थोडाथोडा केलेला होता.

नागार्जुनकोंडा : तुलनेसाठी

त्याच सुमारास कृष्णा नदीच्या खोऱ्यात देशातील सर्वांत मोठे बचाव उत्खनन चालू होते. नागार्जुनसागर धरणाची पायाभरणी १० डिसेंबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाली. त्याआधीच, १९५४ मध्ये, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने आर. सुब्रह्मण्यम यांच्या नेतृत्वाखाली तेथे खास प्रकल्प सुरू केला होता. १९६० पर्यंत संपूर्ण दरी पिंजून काढली गेली. इक्ष्वाकूंची राजधानी, विहार, स्तूप, घाट, प्रेक्षागार अशी शेकडो वर्षे मातीत पडलेली वास्तू-संपदा नोंदली गेली. काही निवडक वास्तू उचलून उंच जागी पुन्हा उभारल्या आणि तेथे संग्रहालय झाले.

केंद्र सरकारने मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. पण त्याच कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उत्खननाच्या अहवालाचा पहिला खंड १९७५ मध्ये आला. ऐतिहासिक काळासंबंधीचा दुसरा खंड २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे खोदकाम थांबल्यानंतर ४६ वर्षांनी. तोवर काम करणाऱ्यांची एक पिढी सरून गेली होती. खोदण्यासाठी निधी मिळतो, कारण पाण्याची तारीख ठरलेली असते. लिहिण्यासाठी अशी कोणतीही तारीख नसते, त्यामुळे तो खर्च मागे पडत जातो.

नागेश्वर : छोट्या बंधाऱ्याचा धोका

मोठ्या धरणाची निदान बातमी होते. लहान कामांची तीही होत नाही. द्वारकेजवळ नागेश्वर येथे हडप्पा काळातील शंखकामाचे केंद्र होते. समुद्रातून आणलेले शंख कापून त्यांच्या बांगड्या, पळ्या व इतर वस्तू तेथे घडविल्या जात. १९८३-८४ मध्ये बडोद्याच्या विभागातील के. टी. एम. हेगडे, कुलदीप भान, वि. ह. सोनवणे आदी अभ्यासकांनी तेथे उत्खनन केले. त्या वेळी टेकाडाचा बराच भाग शेजारच्या तलावाच्या बांधासाठी माती म्हणून आधीच उचलला गेला होता. उरलेल्या भागावरून शंख कापण्याच्या पद्धती आणि कचऱ्याच्या विल्हेवाटीपर्यंतची माहिती मिळाली. गेलेल्या भागात काय होते, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. आपल्या खेड्यांत शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढर. गावालगतची ओसाड पांढर म्हणजे बहुतेक वेळा शेकडो, क्वचित हजारो वर्षांच्या वस्तीचे टेकाड असते. तेथील राखमिश्रित माती शेतात खत म्हणून आणि घरबांधणीला भर म्हणून नेण्याची रीत जुनी आहे. पूर्वी बैलगाड्यांनी जी माती नेण्यात दहा वर्षे जात ती आता यंत्राने दोन दिवसांत हलते. गेल्या काही वर्षांत गुजरातमध्ये २०१८ पासूनचे सुजलाम सुफलाम अभियान आणि महाराष्ट्रात जलयुक्त शिवार यांसारख्या योजनांतून तळी खोल करण्याची व बंधाऱ्यांची कामे मोठ्या संख्येने झाली. पाणी हवेच आहे. परंतु अशा कामाच्या अंदाजपत्रकात ‘माती कोठून घेणार, तेथे जुनी वस्ती आहे काय’ असा एक रकाना असावा, ही अपेक्षा अवास्तव नाही.

चांपानेर आणि नर्मदा

बडोद्याहून सुमारे ५० किलोमीटरवर चांपानेर आहे. महमूद बेगडा याने १४८४ मध्ये पावागडचा किल्ला घेतला आणि पायथ्याशी मुहम्मदाबाद ही राजधानी वसविली. पन्नास-साठ वर्षांत हे शहर ओस पडले व जंगलात गेले. त्यामुळे एका सुलतानी राजधानीचा आराखडा, रस्ते, बागा, हौद, घरे व मशिदी यांसह, पुढील बांधकामांखाली न दबता शिल्लक राहिला. १९६९ ते १९७५ या काळात डॉ. मेहता यांच्या नेतृत्वाखाली विभागाने येथे उत्खनन व पाहणी केली. आपल्याकडे पुरातत्त्व म्हणजे फक्त प्राचीन काळ असा समज असताना मध्ययुगीन शहर खोदणे हेच धाडस होते. पुढे पावागडच्या परिसरातील दगडखाणींमुळे अवशेषांना धोका निर्माण झाला, तेव्हा बडोद्यातील वारसाप्रेमी नागरिकांनी आवाज उठविला. २००४ मध्ये चांपानेर-पावागडचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला आणि २००६ मध्ये राज्याने कायदा करून त्यासाठी प्राधिकरण निर्माण केले. येथेही क्रम तोच दिसतो. आधी विभागाची नोंद होती, मग नागरिकांच्या हाती पुरावा आला, आणि त्यानंतर कायदा व निधी.

नर्मदेच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. या खोऱ्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. १९८२ मध्ये मध्य प्रदेशातील हथनोरा येथे मिळालेली प्राचीन मानवी कवटी हा भारतातील मानवी जीवाश्मांचा अत्यंत दुर्मीळ पुरावा आहे. सरदार सरोवराची पायाभरणी ५ एप्रिल १९६१ रोजी झाली, जलविवाद लवादाचा निवाडा १९७९ मध्ये आला आणि धरण पूर्ण उंचीचे म्हणजे १३८.६८ मीटरचे होऊन २०१७ मध्ये लोकार्पण झाले. म्हणजे पहिल्या दगडापासून शेवटच्या दरवाजापर्यंत ५६ वर्षे मिळाली. नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाच्या पर्यावरणविषयक कामांत पुरातत्त्वीय पाहणीचा समावेश करण्यात आला. शूलपाणेश्वराचे देवस्थान पाण्यात गेले व गोरा येथे नवे मंदिर उभारले गेले. पूर्वीच्या वडोदरा आणि आताच्या छोटाउदेपूर जिल्ह्यातील हांफेश्वरचे मंदिर जलाशयात आहे. पाणी उतरते तेव्हा त्याचे शिखर दिसते. ज्या देवस्थानांना भाविक होते त्यांची कोणीतरी दखल घेतली. नदीकाठच्या वाळूत पडलेली दगडी हत्यारे आणि निनावी टेकाडे यांना भाविक नसतात. त्यांच्यासाठी बोलणारा फक्त अभ्यासक असतो.

अन्य देशांतील व्यवस्था

देवनी मोरीचे खोदकाम चालू होते त्याच वर्षांत इजिप्तमध्ये आस्वान धरणामुळे न्युबियाची मंदिरे बुडणार होती. युनेस्कोने मार्च १९६० मध्ये जगाला आवाहन केले. अबू सिंबेलची मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात कापून उंचावर हलविण्यात आली. खर्च सुमारे चार कोटी डॉलर आला आणि तो अनेक देशांनी मिळून उचलला. १९६१-६२ मध्ये बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पथकही न्युबियात खोदकामाला गेले होते. ही मोहीम १९८० पर्यंत चालली. परंतु प्रत्येक धरणासाठी जग धावून येत नाही. म्हणून अनेक देशांनी हा खर्च कायद्याने बांधून टाकला.

अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने केंद्रीय प्रकल्पाच्या खर्चातील एक टक्क्यापर्यंत रक्कम पुरातत्त्वीय माहिती वाचविण्यासाठी वापरण्याची मुभा दिली. ब्रिटनमध्ये १९९० च्या नियोजनविषयक मार्गदर्शक सूचनांनी बांधकाम करणाऱ्यावर पाहणीचा व नोंदीचा भार टाकला. १९९२ च्या व्हॅलेटा करारात युरोपीय देशांनी हेच तत्त्व मान्य केले. फ्रान्सने २००१ मध्ये कायदा करून भूविकासावर शुल्क बसविले आणि २००२ मध्ये बचाव उत्खननासाठी राष्ट्रीय संस्था उभारली. या सर्वांचा गाभा एकच आहे. जो जमीन उकरतो त्याने नोंदीचा खर्च द्यावा, आणि तो प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरावा. तेथेही अडचणी आहेत. बांधकाम व्यवसायाला मंदी आली की उत्खननाची कामे थांबतात, आणि घाईने लिहिलेले अहवाल कपाटात पडून राहतात. त्यामुळे केवळ शुल्क पुरेसे नाही, संस्थाही हवी, हा फ्रान्सचा विचार आपल्याला अधिक जवळचा वाटावा.

आपली व्यवस्था : कायदा आणि पैसा

आपल्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके व स्थळे केंद्राकडे, इतर प्राचीन स्मारके राज्यांकडे आणि इतर पुरातत्त्वीय स्थळे समवर्ती सूचीत आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्याने केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकांची व स्थळांची संख्या सुमारे ३,७०० आहे. २०१० च्या दुरुस्तीने त्यांच्याभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरविले. घोषित स्मारकाला हे मोठे कवच आहे. अघोषित टेकाडाला मात्र ते लागू नाही, आणि बचाव उत्खननाची गरज बहुधा अघोषित स्थळांनाच असते. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी आहे. लहान सिंचनाची कामे तिच्या कक्षेबाहेर राहतात. प्रकल्पाच्या खर्चातील ठरावीक हिस्सा पुरातत्त्वीय नोंदीसाठी ठेवलाच पाहिजे, असे बंधन घालणारा सर्वसाधारण केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही.

पैशाची स्थितीही पाहावी. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कामाचे परीक्षण केले. तपासलेल्या १,६५५ स्मारकांपैकी ९२ स्मारके जागेवर सापडली नाहीत, हे त्यातील निरीक्षण वृत्तपत्रांत गाजले. उत्खनन व शोधकार्यावर एकूण खर्चाच्या एक टक्क्याहूनही कमी रक्कम खर्च होते, हे दुसरे निरीक्षण तितके गाजले नाही. वस्तुतः पहिल्याचे एक कारण दुसऱ्यात आहे. जे नोंदविलेच नाही ते हरवले तरी कळत नाही.

निधी अजिबात नाही, असेही नाही. वडनगर येथे सुमारे २९८ कोटी रुपये खर्चाचे पुरातत्त्वीय अनुभव संग्रहालय जानेवारी २०२५ मध्ये खुले झाले. अशा संग्रहालयामुळे लोकांत इतिहासाची आवड वाढते, हे स्वागतार्हच आहे. पण त्याच वडनगरात २०१९ मध्ये मिळालेला, मांडी घातलेल्या स्थितीतील मानवी सांगाडा कित्येक वर्षे ताडपत्रीच्या तंबूत राहिला आणि मे २०२५ मध्ये संग्रहालयाच्या आवारात हलविला गेला. दाखविण्यासाठी पैसा लवकर मिळतो आणि सांभाळण्यासाठी उशिरा, एवढाच याचा अर्थ.

एक गंभीर आक्षेप

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. धरणात माणसांची घरे जातात. विस्थापितांना वेळेवर जमीन मिळत नसताना विटा आणि खापरांवर सार्वजनिक पैसा का घालावा? नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुवा भागातील आदिवासींना हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत, असे आमचे मत आहे. दोन्हींचे मूळ एकाच हिशेबात आहे. प्रकल्पाचा खर्च मांडताना सिमेंट, पोलाद आणि मजुरी धरली जाते. जे कायमचे नष्ट होणार त्याची किंमत बाहेर ठेवली जाते. त्यामुळे विस्थापिताचे पुनर्वसन ‘मदत’ ठरते आणि उत्खनन ‘हौस’ ठरते. दोन्ही खर्च प्रकल्पाचेच अंगभूत खर्च आहेत असे मानले, तर कोणालाही कोणाच्या ताटातून घ्यावे लागणार नाही. शिवाय पाण्याखाली जाणारी टेकाडे राजांची असतातच असे नाही. नागेश्वरला शंख कापणारे कारागीर होते. ज्यांचा इतिहास कोणत्याही बखरीत किंवा तवारिखेत लिहिला गेला नाही, त्यांच्यासाठी मातीचा थर हाच एकमेव दस्तऐवज आहे.

शिक्षकांची भूमिका

महाविद्यालयीन शिक्षक या व्यवस्थेत काय करू शकतात? पहिली गोष्ट म्हणजे नोंद. प्रत्येक महाविद्यालयाच्या आसपास पंचवीस-तीस गावे असतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील पांढर, जुनी विहीर, पडकी मशीद, मंदिर, वीरगळ, कबरी व शिलालेख यांची जागा, छायाचित्र व आकार टिपला, तर तीन-चार वर्षांत तालुक्याची वही तयार होईल. धरणाची बातमी आली की ती वही घेऊन जनसुनावणीत उभे राहता येते. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघते. तेवढ्या दिवसांत नव्याने पाहणी होत नाही, पण तयार वही मांडता येते. ही नोंद करताना खोदकाम करू नये, वस्तू उचलू नयेत आणि जे सापडेल ते संबंधित खात्याला कळवावे.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या संस्थांमध्ये उर्दू, फारसी व अरबी जाणणारे शिक्षक आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी लेखांची शाखा आपल्याच नागपुरात आहे, आणि डॉ. झियाउद्दीन देसाई यांच्यासारख्या विद्वानाने तेथून देशभरातील लेखांच्या वाचनाला शिस्त लावली. मशिदीच्या जीर्णोद्धारात जुनी शिळा रंगाखाली किंवा फरशीखाली जाण्याआधी तिचे छायाचित्र व वाचन करून ठेवणे, हे आपल्या हातचे काम आहे. त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

तिसरी गोष्ट मागणीची. विद्यापीठांतील पुरातत्त्वाच्या रिक्त जागा भरा, वस्तूंच्या साठवणीसाठी व अहवालांसाठी स्वतंत्र तरतूद करा, आणि प्रकल्पखर्चाचा लहानसा हिस्सा कायद्याने बाजूला काढा, या मागण्या एकत्र मांडल्या पाहिजेत. शंभर कोटींच्या कामात एक टक्का म्हणजे एक कोटी. प्रकल्पाला ही रक्कम जाणवणारही नाही, पण विभागाची कित्येक वर्षे त्यात निघतील.

समारोप

देवनी मोरीचा करंडक वाचला तो कोणा एका अधिकाऱ्याच्या ऐनवेळच्या उदारपणाने नव्हे. १९३४ मध्ये एका संस्थानने खाते काढले, १९५० मध्ये विद्यापीठाने विभाग सुरू केला आणि दर वर्षी, गाजावाजा न होता, शिक्षकांचे पगार, ग्रंथालय व प्रयोगशाळा यांवर जनतेचा पैसा खर्च होत राहिला. १९६० मध्ये मेश्वोच्या काठी जाण्याची वेळ आली तेव्हा जाणारी माणसे तयार होती. विहिरीला पाणी लागायला वेळ लागतो, म्हणून ती आग लागण्यापूर्वी खणावी लागते. पुढचे धरण, पुढचा महामार्ग किंवा पुढचा तलाव कोठे होणार, हे आज ठाऊक नाही. त्या दिवशी तेथे पोहोचणारे विद्यार्थी मात्र आजच आपल्या वर्गात बसलेले असले पाहिजेत.